मधली जागा

एका प्रकल्पाचा कोड तपासताना घडलेली एक छोटी गोष्ट बरेच दिवस माझ्या मनातून जात नव्हती. पडद्यावर विभागांची एक यादी होती आणि वापरकर्त्याने तिच्यातून आपला विभाग निवडायचा होता. ही यादी पीएचपी या वेबची पाने तयार करण्याच्या प्रोग्रॅमिंग भाषेतल्या एका अ‍ॅरेमध्ये होती. अ‍ॅरे म्हणजे अनेक व्हॅल्यूज एकत्र ठेवणारी रचना, आणि प्रत्येक व्हॅल्यूला ओळखण्याची खूण म्हणजे तिची की. इथे विभागाचे नाव ही व्हॅल्यू आणि डेटाबेसमधला त्या विभागाचा आयडी, म्हणजे ओळखक्रमांक, ही तिची की होती. १०४, ११७, १३२ असे ते आयडी होते. नव्याने सुरू झालेला एक विभाग या यादीत दुसऱ्या जागी दिसायला हवा होता. आमच्यातल्या एका तरुण सहकाऱ्याने ते काम अ‍ॅरे_स्प्लाइस हे फंक्शन वापरून केले होते. यादी उघडली की सगळे जागच्या जागी दिसत होते. नावे बरोबर, क्रम बरोबर, नवा विभागही अगदी हवा तिथे. मात्र फॉर्म भरून पाठवला की नोंद भलत्याच विभागाच्या खात्यावर जमा होत होती. एरर कुठेही नव्हती, लॉगमध्ये एक ओळसुद्धा उमटत नव्हती. नवा विभाग मध्ये घालताना १०४, ११७, १३२ या कीज निघून गेल्या होत्या आणि त्यांच्या जागी ०, १, २, ३ अशा नव्या कीज आल्या होत्या. डेटाबेसमध्ये १, २ आणि ३ या आयडींचेही विभाग होतेच. ते जुने आणि बंद पडलेले होते, तरी नोंद स्वीकारण्यापुरते जिवंत होते.

कारण समोर आल्यावर तो सहकारी थोडा वेळ पडद्याकडे पाहत राहिला आणि म्हणाला, “मॅडम, मी तर फक्त मध्ये एक जागा मागितली होती. बाकीच्यांचे क्रमांक बदलायला कुठे सांगितले होते?”

दुरुस्ती लगेच झाली, प्रश्न मात्र मागे राहिला. त्याच्या बोलण्यात तक्रार होती, पण त्याहून अधिक काहीतरी होते. त्याने मागितलेली गोष्ट खरोखरच साधी होती, आणि पीएचपीसारख्या भाषेत, जिथे अ‍ॅरेशिवाय पाऊलही पुढे पडत नाही, तिथे या साध्या गोष्टीला सरळ उत्तर नसावे याचे त्याला वाटलेले आश्चर्य प्रामाणिक होते. शेवटी टाकायचे असेल तर सोय आहे, सुरुवातीला टाकायचे असेल तरी सोय आहे. अमुक कीच्या लगेच नंतर ही नवी जोडी ठेव आणि बाकी कुणाला हात लावू नकोस, एवढे सांगणारे फंक्शन मात्र भाषेत मुळातून दिलेले नाही. मी या भाषेत इतकी वर्षे काम करते आहे, तरी त्या प्रश्नाने मला पुन्हा पहिल्यापासून विचार करायला लावले.

सी भाषेतून प्रोग्रॅमिंग शिकलेल्या माणसाच्या मनात अ‍ॅरेचे एक चित्र पक्के बसलेले असते. मेमरीत एकाला एक लागून ठेवलेल्या सारख्या मापाच्या जागा, आणि प्रत्येक जागेचा क्रमांक म्हणजे सुरुवातीपासूनचे तिचे अंतर. तिथे मध्ये काही घालायचे म्हटले की पुढच्या सगळ्यांना एकेक घर सरकवावे लागते आणि सरकले की त्यांचा क्रमांक बदलतो. याचे कुणाला वाईट वाटत नाही, कारण तिथे क्रमांक हे जागेचेच वर्णन असते. मीही हेच चित्र मनात घेऊन पीएचपीकडे आले होते. इथला अ‍ॅरे मात्र आतून वेगळ्या जातीचा आहे. तो कीज आणि व्हॅल्यूज यांच्या जोड्यांचा, क्रम सांभाळणारा नकाशा आहे. प्रत्येक जोडीला एक की असते आणि त्या कीवरून व्हॅल्यू चटकन सापडते. शिवाय जोड्या ज्या क्रमाने आत आल्या तो क्रमही जपला जातो. म्हणजे इथल्या प्रत्येक जोडीजवळ, तिलाच एलिमेंट म्हणतात, दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. रांगेत उभ्या असलेल्या माणसाला त्या रांगेतले एक स्थान असते आणि त्याचे स्वतःचे एक नाव असते, तसेच हे आहे. पंचाईत एवढीच की पीएचपीमध्ये नाव म्हणून आकडाही चालतो, आणि नाव आकड्यात असले की ते स्थानासारखे दिसू लागते. अ‍ॅरेमधली १०४ ही की पाहून ती एकशेपाचवी जागा आहे असे कुणी म्हणणार नाही, पण ० आणि १ पाहून आपण सगळेच तसे म्हणतो. भाषेतली बरीच फंक्शन्स तर आकडा कोणताही असो, तो स्थानच आहे असे गृहीत धरून पुढे जातात.

ही सरमिसळ मुद्दाम केलेली आहे आणि तिच्यामागे एक इतिहास आहे. रासमुस लेर्डोर्फ यांनी १९९४ साली आपल्या ऑनलाइन परिचयपत्राला कोण भेट देते हे पाहण्यासाठी सी भाषेत काही छोटे प्रोग्रॅम लिहिले आणि जून १९९५ मध्ये ते सर्वांसाठी खुले केले. पुढे अँडी गुटमन्स आणि झीव्ह सुरास्की यांनी या भाषेचा गाभा नव्याने लिहिला आणि १९९८ मध्ये पीएचपी ३ आली. वेबची पाने तयार करणे हेच या भाषेचे काम होते, आणि त्या कामाला लागणारे सगळे आकार एकाच साच्यात बसतील अशी सोय तिने केली. यादी हवी तर अ‍ॅरे, कोश, म्हणजे नावावरून व्हॅल्यू शोधण्याची रचना, हवा तर अ‍ॅरे, फॉर्ममधून आलेली माहिती अ‍ॅरे, डेटाबेसमधून आलेली ओळही अ‍ॅरे. इतर बऱ्याच भाषांमध्ये यादी आणि कोश हे दोन वेगळे प्रकार असतात आणि कोशाला क्रम असेलच याची पूर्वी हमी नसे. पायथॉनमध्ये कोशाचा क्रम टिकण्याची हमी ३.७ या आवृत्तीपासून, म्हणजे २०१८ साली मिळाली. पीएचपीच्या लोकांनी ही सोय त्याच्या कितीतरी आधीपासून गृहीत धरलेली आहे. मला या एकाच साच्याचे कौतुक आहे आणि त्याची धास्तीही आहे. नवशिक्याला त्यामुळे पहिल्याच दिवशी काहीतरी चालणारे हातात मिळते, आणि त्याच कारणाने, आपण नेमके काय बनवले आहे हे ठरवण्याची वेळ पुढे ढकलली जाते. ती वेळ येते मध्ये काही घालायचे असते तेव्हा.

शेवटी टाकणे सर्वांत सोपे आहे. अ‍ॅरेच्या नावापुढे रिकामे चौकोनी कंस लिहायचे आणि व्हॅल्यू द्यायची, की ती शेवटी जाऊन बसते. अ‍ॅरे अस्तित्वातच नसेल तर त्या ओळीत तो तयारही होतो. अ‍ॅरे_पुश हे फंक्शनही हेच करते, एका वेळी अनेक व्हॅल्यूज घेते आणि अ‍ॅरेची नवी संख्या परत देते. एकच व्हॅल्यू टाकायची असेल तर रिकामे कंसच बरे, कारण फंक्शनला हाक मारण्याचा खर्च वाचतो. मला स्वतःला ती रिकाम्या कंसांची ओळ लिहायला अजूनही आवडते. तिच्यात एक विश्वास आहे. की कोणती द्यायची ते तू पाहा, मी फक्त वस्तू आणली आहे, असे ती ओळ म्हणते.

पण भाषा ती की कशी ठरवते हे नीट पाहिले, तर तिथेही स्थान आणि नाव यांची तीच गुंतागुंत दिसते. नवी की ही आतापर्यंत वापरलेल्या सर्वांत मोठ्या आकडी कीपेक्षा एकाने मोठी असते. “आतापर्यंत वापरलेल्या” हे शब्द महत्त्वाचे आहेत. ०, १, २ अशा तीन कीज असलेल्या अ‍ॅरेमधून शेवटची व्हॅल्यू अनसेट करून काढली आणि मग रिकाम्या कंसांनी नवी टाकली, तर तिला २ ही की मिळत नाही, ३ मिळते. गेलेल्याचा क्रमांक अ‍ॅरे दुसऱ्याला देत नाही. तीच शेवटची व्हॅल्यू अ‍ॅरे_पॉप वापरून काढली असेल, तर मात्र तो क्रमांक पुन्हा मोकळा होतो आणि नव्याला २ मिळतो. पहिल्यांदा हे कळले तेव्हा मला त्यात विसंगती दिसली होती. आता दोन्हींमागचा हेतू वेगळा आहे असे वाटते. अनसेट एका नावाला काढून टाकते, आणि नाव गेले म्हणून ते दुसऱ्याला द्यायचे कारण नाही. अ‍ॅरे_पॉप शेवटच्या जागेवरचे उचलते, आणि जागा तर पुन्हा भरण्यासाठीच असते. ऋण कीजच्या बाबतीत भाषेला स्वतःचे मत बदलावे लागले, हेही इथे सांगण्यासारखे आहे. अ‍ॅरेमध्ये फक्त उणे पाच ही की असेल तर पुढची की पूर्वी शून्य मिळत असे, पीएचपी ८.३ पासून ती उणे चार मिळते. दुसऱ्या टोकाला, ६४ बिटांच्या यंत्रावर ९२२३३७२०३६८५४७७५८०७ ही सर्वांत मोठी आकडी की कुणी एकदा वापरली, की रिकाम्या कंसांना पुढे जायला वाटच उरत नाही आणि पीएचपी ८ तिथे थेट एरर फेकते. त्या अ‍ॅरेमध्ये एकच व्हॅल्यू असली तरीसुद्धा.

सुरुवातीला टाकण्यासाठी अ‍ॅरे_अनशिफ्ट आहे. त्याला अनेक व्हॅल्यूज दिल्या तर त्या दिलेल्या क्रमानेच पुढे बसतात, उलट्या होत नाहीत. ते अ‍ॅरेमधल्या सगळ्या आकडी कीज शून्यापासून पुन्हा लावते आणि अक्षरी कीजना हात लावत नाही. अ‍ॅरे_मर्जही तसेच वागते: आकडी कीज नव्याने लागतात, आणि अक्षरी की दोन्हींकडे असेल तर नंतरची व्हॅल्यू आधीचीवर चढते. या फंक्शन्सच्या लेखी अक्षरांत लिहिलेले ते नाव आणि आकड्यांत लिहिलेले ते स्थान. हा नियम एकदा लक्षात आला की बाकीचे बरेचसे वागणे उलगडते. माझ्या मते हा नियम प्रत्येकाला पहिल्याच धड्यात सांगायला हवा. तो फंक्शनच्या वर्णनात शेवटच्या ओळीत लिहिलेला असतो आणि तिथे कुणाची नजर जात नाही.

त्या सहकाऱ्याने वापरलेले अ‍ॅरे_स्प्लाइस तर या सगळ्यांत अधिक सामर्थ्याचे आहे. त्याला अ‍ॅरे द्यायचा, कोणत्या स्थानापासून ते सांगायचे, तिथून किती एलिमेंट काढायचे ते सांगायचे आणि त्यांच्या जागी काय घालायचे ते द्यायचे. काढायची संख्या शून्य दिली की काही न काढता नुसते मध्ये घालणे होते. स्थान ऋण दिले तर ते शेवटून मोजले जाते. मूळ अ‍ॅरेच बदलतो, आणि परत मिळतात ते काढलेले एलिमेंट, नवा अ‍ॅरे नव्हे. परत मिळालेली व्हॅल्यू पुन्हा त्याच नावात साठवली तर हातात रिकामा अ‍ॅरे उरतो, म्हणून ही गोष्ट नवख्यांना आवर्जून सांगावी लागते. पण खरा बारकावा घालायच्या वस्तूत आहे. ती अ‍ॅरे नसेल तर फंक्शन आधी तिचे अ‍ॅरेमध्ये रूपांतर करते. साधा शब्द किंवा आकडा दिला तर त्याचा एका एलिमेंटचा अ‍ॅरे होतो आणि सगळे सुरळीत चालते, त्यामुळे हे रूपांतर होते आहे हे कळतही नाही. ऑब्जेक्ट, म्हणजे अनेक गुणधर्म एकत्र बांधलेली वस्तू, दिला, तर त्याचे गुणधर्म सुटे होऊन एकेक एलिमेंट म्हणून यादीत शिरतात. एक पाहुणा अपेक्षित असलेल्या जागी त्याचे नाव, वय, पत्ता अशा तीन व्हॅल्यूज जाऊन बसतात. आणि नल, म्हणजे ‘काहीच नाही’ असे सांगणारी व्हॅल्यू, दिले, तर त्याचा रिकामा अ‍ॅरे होतो आणि काहीच घातले जात नाही. म्हणून घालायची वस्तू कोणतीही असो, ती चौकोनी कंसांत गुंडाळूनच द्यावी. तेवढ्या दोन खुणांनी आपण भाषेला सांगतो की ही एकच वस्तू आहे, हिला उघडू नकोस.

घातलेल्या वस्तूच्या कीचे काय होते? ती टिकत नाही, मग ती अक्षरी असली तरी. मूळ अ‍ॅरेमधल्या अक्षरी कीज टिकतात, आकडी कीज नव्याने लागतात, आणि नव्या आलेल्याने स्वतःबरोबर आणलेली कोणतीही की दारातच काढून घेतली जाते. हे समजल्यावर त्या विभागांच्या यादीत जे झाले त्याचे आश्चर्य उरत नाही. फंक्शनने सगळ्यांना जागेवरून ओळखले, कारण त्याला दुसऱ्या कशावरून ओळखायला सांगण्याची सोयच त्यात नाही.

हे असे का असावे, याचे एक उत्तर भाषेच्या पोटात सापडते. पीएचपी ५ मध्ये अ‍ॅरेमधली प्रत्येक जोडी मेमरीत वेगळी ठेवलेली असे आणि मागची कोण, पुढची कोण याचे पत्ते ती स्वतःजवळ बाळगत असे. त्या पत्त्यांच्या साखळीतून क्रम तयार होई. डिसेंबर २०१५ मध्ये आलेल्या पीएचपी ७ ने ही रचना मोडून नवी मांडली. आता जोड्या आल्या त्या क्रमाने मेमरीत सलग बसतात, आणि कोणती की कुठे आहे हे सांगणारी सूची वेगळी ठेवली जाते. जागा किमान आठांची घेतली जाते आणि भरली की दुप्पट केली जाते. एखादी जोडी काढली तर तिची जागा लगेच भरून येत नाही; ती रिकामी म्हणून खूण होऊन तशीच राहते आणि पुढे कधीतरी फेरमांडणी होते तेव्हा नाहीशी होते. ज्या अ‍ॅरेच्या कीज साध्या चढत्या आकड्यांच्या आहेत, त्याला तर ती वेगळी सूचीही लागत नाही, आणि पीएचपी ८.२ पासून अशा अ‍ॅरेमधल्या एका एलिमेंटला ३२ ऐवजी १६ बाइट पुरतात. या रचनेमुळे भाषा किती वेगवान झाली हे ज्यांनी जुन्या आवृत्तीवरचे सर्व्हर नव्यावर नेले त्यांना वेगळे सांगायला नको. पण तिचा एक परिणाम असा की, क्रम म्हणजेच मेमरीतली जागा झाली. शेवटी भर घालणे अतिशय स्वस्त आणि मध्ये भर घालणे म्हणजे नवी मांडणी. अ‍ॅरे_स्प्लाइस आतून खरोखर तेच करते: एक नवी मांडणी तयार करते, कापलेल्या जागेपर्यंतचे तिच्यात आणते, मग नवे, मग उरलेले. शंभर एलिमेंटच्या यादीत हे कधी जाणवणार नाही. मोठ्या लूपमध्ये दर फेरीला सुरुवातीला किंवा मध्ये काही घातले जात असेल तर मात्र जाणवते, आणि तिथे सगळे शेवटी टाकून अखेरीस एकदाच उलटवणे किंवा क्रम लावणे हाच शहाणपणाचा मार्ग आहे.

मग नावे सांभाळून मध्ये घालायचे कसे? अनुभवी मंडळी यासाठी यादीचे दोन तुकडे करतात. अ‍ॅरे_कीज वापरून सगळ्या कीज काढायच्या, अ‍ॅरे_सर्च वापरून हवी ती की कितव्या जागी आहे ते शोधायचे, मग अ‍ॅरे_स्लाइसने तिथपर्यंतचा एक तुकडा आणि तिथून पुढचा दुसरा तुकडा घ्यायचा, आणि अधिकच्या चिन्हाने पहिला तुकडा, नवी जोडी आणि दुसरा तुकडा जोडायचे. तुकडे करताना कीज जपायला स्पष्ट सांगावे लागते. त्यासाठी शेवटी द्यायचे ट्रू, म्हणजे ‘हो’, विसरले की आकडी कीज पुन्हा शून्यापासून लागतात. अधिकचे चिन्ह कीज बदलत नाही आणि एकच की दोन्हींकडे असेल तर डावीकडची व्हॅल्यू ठेवते. त्या विभागांच्या यादीची दुरुस्ती अशीच झाली. रचना सुंदर आहे. तिच्यात काय राखले जाते आहे ते वाचणाऱ्याला दिसते.

पण तिच्या दोन फटी मी त्या सहकाऱ्याला त्याच वेळी दाखवल्या. अ‍ॅरे_सर्चला की सापडली नाही तर ते फॉल्स, म्हणजे ‘नाही’, परत देते. बेरजेत फॉल्स शून्य धरले जाते, आणि त्या कीच्या पुढची जागा काढण्यासाठी त्यात एक मिळवला की उत्तर १ येते. म्हणजे ज्या कीनंतर घालायचे ती अस्तित्वातच नसताना नवी जोडी गुपचूप दुसऱ्या जागी जाऊन बसते. हे आधीच तपासावे लागते, आणि शोधताना प्रकाराची काटेकोर तुलनाही मागावी लागते. दुसरी फट अधिक खोल आहे. घालायची की आधीपासून यादीत असेल तर काय व्हायला हवे? ती पहिल्या तुकड्यात असेल तर डावीकडची जिंकते आणि नवी व्हॅल्यू हवेत विरते. दुसऱ्या तुकड्यात असेल तर नवी जिंकते आणि जुनी आपल्या जागेसकट नाहीशी होते. एकच ओळ, एकच हेतू, आणि आधीची की कुठे उभी होती यावर दोन उलट परिणाम. साध्या असाइनमेंटचे वागणे आणखी तिसरे: असलेल्या कीला नवी व्हॅल्यू दिली तर व्हॅल्यू बदलते, पण जोडी आपल्या जुन्याच जागी राहते, तिला शेवटी न्यायचे असेल तर आधी अनसेट करून मग पुन्हा घालावी लागते. भाषेत तयार फंक्शन का नाही, या प्रश्नाचे निदान काही उत्तर मला इथे मिळते. असे फंक्शन दिले तर या प्रत्येक प्रसंगी काय करायचे ते भाषेलाच ठरवावे लागेल, आणि विभागांच्या यादीसाठी जे बरोबर आहे ते सेटिंग्जच्या यादीसाठी बरोबर असेलच असे नाही. म्हणून माझे मत असे आहे की प्रत्येक प्रकल्पाने हे छोटे फंक्शन स्वतः लिहावे, त्याला स्पष्ट नाव द्यावे, आणि की नसली तर काय, की आधीच असली तर काय, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे त्याच्या टेस्टमध्ये लिहून ठेवावीत.

कीचे आणखी एक वळण इथे येते. अवतरणात लिहिलेला ८ हा अक्षरी की म्हणून टिकत नाही. भाषा त्याचा आकडा करते. शून्य आणि आठ असे लिहिले, तर मात्र ती अक्षरी की राहते. विभागांचे संकेतांक ०८, ०९, १०, ११ असे असतील, तर पहिले दोन भाषेच्या लेखी नावे आणि नंतरचे दोन आकडे. अशा अ‍ॅरेच्या सुरुवातीला अ‍ॅरे_अनशिफ्टने काही घातले, तर ०८ आणि ०९ जसेच्या तसे राहतात, नव्या आलेल्याला ० मिळतो आणि १० व ११ यांचे १ आणि २ होतात. एकाच रांगेतल्या माणसांना दोन वेगळे न्याय. ज्याला हे माहीत नाही त्याला हा दोष शोधायला किती वेळ लागेल याची कल्पना मला करवत नाही, कारण अर्धी यादी बरोबर असते आणि अर्धी यादी बरोबर असली की माणूस दुसरीकडेच शोधत बसतो.

सर्व्हरवरचा अ‍ॅरे जेसॉनच्या, म्हणजे माहिती पाठवण्याच्या एका मजकुरी स्वरूपाच्या, रूपाने ब्राउझरकडे निघतो तेव्हाही त्याला आपली जात सांगावी लागते. कीज शून्यापासून सलग असतील तर जेसॉनमध्ये यादी तयार होते. मधली एक जरी गळालेली असेल तर तीच यादी ऑब्जेक्ट होऊन बाहेर पडते, आणि पलीकडे यादीची वाट पाहणारा जावास्क्रिप्टचा कोड थांबतो. त्यासाठी पाठवण्याआधी अ‍ॅरे_व्हॅल्यूज वापरून क्रमांक पुन्हा सलग करून घेतात. म्हणजे एका ठिकाणी ज्या क्रमांक बदलण्याने आमची नोंद चुकीच्या खात्यात नेली, तेच दुसऱ्या ठिकाणी आपण स्वतः मागून घेतो. नोव्हेंबर २०२१ मध्ये आलेल्या ८.१ या आवृत्तीत अ‍ॅरे_इज_लिस्ट हे फंक्शन मिळाले. समोरचा अ‍ॅरे निव्वळ यादी आहे का, एवढेच ते विचारते. इतक्या वर्षांनी का होईना, भाषेने हा प्रश्न स्वतःच्या शब्दांत विचारला याचा मला मनापासून आनंद झाला.

त्या तरुण सहकाऱ्याने पुढे एक वेगळी मांडणी सुचवली आणि मला ती पटली. आयडी ही कीच ठेवायची नाही. प्रत्येक विभागाची एक छोटी नोंद करायची, तिच्यातच आयडी आणि नाव ठेवायचे, आणि बाहेरची यादी फक्त क्रमाची ठेवायची. मग अ‍ॅरे_स्प्लाइसने कितीही वेळा मध्ये घातले तरी बाहेरचे ०, १, २ बदलतील, आतल्या १०४ ला धक्का लागणार नाही. फक्त नवी नोंद कंसांत गुंडाळून द्यायची, नाहीतर तिचा आयडी आणि नाव सुटे होऊन यादीत शिरतील. आयडीवरून एखादा विभाग चटकन शोधायचा असेल तेव्हा अ‍ॅरे_कॉलम वापरून त्याच यादीपासून आयडीच्या कीज असलेला दुसरा अ‍ॅरे तेवढ्यापुरता तयार करता येतो. यात थोडी मेमरी जास्त जाते. ती जाऊ द्यावी असे मी म्हणते.

त्यानंतर त्याने विचारलेला प्रश्न मात्र अ‍ॅरेच्या पलीकडचा होता: हा क्रम टिकणार कुठे? कारण पीएचपीचा अ‍ॅरे फार अल्पायुषी असतो. ब्राउझरकडून विनंती येते, अ‍ॅरे तयार होतो, आपण त्यात जपून एक जागा करतो, पान तयार होते, आणि विनंती संपताच सगळी मेमरी मोकळी होते. पुढच्या विनंतीला त्यातले काहीच ठाऊक नसते. मध्ये घातलेला विभाग उद्याही तिथेच दिसायचा असेल, तर त्याचा क्रम डेटाबेसमध्ये त्याच्या वेगळ्या रकान्यात लिहावा लागतो. त्या रकान्यात बरेच जण १, २, ३ न लिहिता १०, २०, ३० लिहितात, म्हणजे मध्ये काही घालायचे झाले तर १५ देता येतो आणि बाकीच्या ओळींना हात लावावा लागत नाही. मग कुणी १२ घालतो, कुणी ११ घालतो, आणि एक दिवस १० व ११ यांच्यामध्ये पूर्णांक उरत नाही. त्या दिवशी सगळ्या ओळींना पुन्हा दहा-दहाच्या अंतराने क्रम द्यावा लागतो. आम्ही तो रकाना तसाच ठेवला, फेरक्रम देणारे फंक्शन त्यानेच लिहिले, आणि त्याच्या टेस्टमध्ये पहिली तपासणी अशी आहे की फेरक्रम दिल्यानंतर १०४, ११७ आणि १३२ हे आयडी होते तसेच आहेत.